थांबवता येणारे प्रशिक्षण : आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’विषयी एका शिक्षिकेचा अभिप्राय

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चांगला परिचित आहे. माझ्या ओळखीच्या शालेय शिक्षकांत मात्र त्याचे नाव क्वचितच निघते. आमच्या केंद्रातील सहा शिक्षकांनी गेले सव्वा वर्ष ही सेवा स्वतःच्या शिक्षणासाठी वापरली. आमच्यापैकी तिघे प्राथमिकला आणि तिघे उच्च प्राथमिकला शिकवतात. संगणक वापरण्याची प्राथमिक कौशल्ये शिक्षकाच्या हाती यावीत आणि ती कार्यालयीन माहिती भरण्यापुरती न उरता वर्गातल्या मुलांच्या सर्जनशील शिकण्यापर्यंत पोहोचावीत, या कामी ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय मर्यादित आहे.

आरंभी आमच्या अडचणीचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. सेवेत लागल्यापासून मी संगणकविषयक चार प्रशिक्षणांना उपस्थित राहिले. आयोजक वेगवेगळे होते, पण अनुभव जवळजवळ सारखाच आला. एका सभागृहात साठ शिक्षक, पुढे एक पडदा, आणि पडद्यावर तज्ज्ञांच्या माऊसचा बाण इतक्या वेगाने फिरत असे की तो कुठे थांबला आणि तेथे काय दाबले गेले, हे कळेपर्यंत पुढची खिडकी उघडलेली असे. ‘समजले ना?’ असे विचारले की सारे माना डोलावत. वीस-पंचवीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला साठ सहकाऱ्यांसमोर उभे राहून ‘मला फाईल कुठे साठवली गेली ते सापडत नाही’ असे म्हणणे किती जड जाते, याचा विचार त्या आखणीत कोणी केलेला नसे. प्रमाणपत्र घेऊन आम्ही शाळेत परतत असू आणि लॅपटॉप पुन्हा कपाटात जात असे.

स्पोकन ट्युटोरियलची रचना नेमक्या याच ठिकाणी वेगळी आहे. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी आयआयटी मुंबईत हा उपक्रम उभा केला आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय अभियानातून त्याला अर्थसाहाय्य मिळाले. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे हे व्हिडिओ प्रत्येकी साधारण दहा मिनिटांचे असतात. पडद्यावर प्रत्यक्ष कृती चालू असते आणि निवेदक ती एकेक पायरी बोलून दाखवतो. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडून ठेवायचे, एक पायरी पाहायची, व्हिडिओ थांबवायचा, ती पायरी स्वतः करायची आणि मगच पुढे जायचे, अशी शिकण्याची शिस्त यात अपेक्षित आहे. संहिता ध्वनिमुद्रणाला जाण्यापूर्वी ते सॉफ्टवेअर मुळीच न येणाऱ्या व्यक्तीकडून करून पाहिली जाते. ती व्यक्ती जेथे अडखळेल तेथे संहिता सुधारली जाते. पाठ टाचण काढताना वर्गातले सर्वांत मागे पडलेले मूल डोळ्यांसमोर ठेवावे, असे आम्ही ऐकत आलो आहोत. त्या उपदेशाला येथे ठरलेल्या कार्यपद्धतीचे रूप मिळाले आहे, आणि मला या सेवेबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो याच कारणासाठी.

आमच्या गटात एक ज्येष्ठ गुरुजी आहेत. त्यांच्या सेवानिवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. सादरीकरणाच्या पानावर चित्र घालून त्याचा आकार बदलण्याचा अर्ध्या मिनिटाचा भाग आपण अकरा वेळा पाहिला, असे त्यांनी एका शनिवारी आम्हाला सांगितले. सांगताना त्यांच्या स्वरात संकोच नव्हता. बाराव्या वेळी व्हिडिओ पाहण्याची गरज उरली नाही, याचा आनंद होता. समोरच्या माणसाला अकरा वेळा तीच गोष्ट विचारणे आपल्यापैकी कोणालाही शक्य झाले नसते.

पहिले दोन महिने आम्ही टंकलेखन, फाईल व फोल्डर यांची व्यवस्था आणि लिबरऑफिस (लेखन, तक्ते व सादरीकरण यांसाठीचा मुक्त सॉफ्टवेअर-संच) यांवरच घालवले. वर्गात काही नवे करायचे तर हा भाग कंटाळवाणा वाटतो, परंतु तो ओलांडून पुढे जाता येत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेल्या होत्या. त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसत असे. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे नुसते आकार बसवतात. तो फॉन्ट नसला की आकार जातात आणि मूळ इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतप्रणालीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मजकूर कोठेही उघडला तरी मराठीच राहतो. एवढी एक गोष्ट नीट कळल्यावर आम्ही सर्वांनी इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला घेतला. त्यात स्वर व मात्रा बहुतांशी डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. पंधरा दिवस बोटे चुकली; नंतर मात्र स्वतःच्या वर्गासाठी स्वतः लिहिलेली गोष्ट, शब्दकोडे किंवा चित्रवाचनाचे पान तयार करणे ही रोजची बाब झाली.

गणिताच्या दृष्टीने या सेवेतील जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवरील मालिका मला अमूल्य वाटली. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात हे सॉफ्टवेअर करायला घेतले, आणि आज ते शाळांना विनामूल्य मिळते. आठवीच्या पाठ्यपुस्तकात त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा हा पाठ आहे. तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात, हे मुले कागदावर काढून पाहतात तेव्हा पेन्सिल बोथट असते, गुण्या थोडा सरकतो, आणि अर्ध्या वर्गातून ‘बाई, माझे जुळत नाहीत’ असा सूर येतो. मग आम्ही ‘नीट काढले की जुळतात’ असे सांगून पुढे जातो, म्हणजे मुलाला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवायला सांगतो. जिओजेब्रात त्रिकोण काढून तिन्ही शिरोलंब घातले आणि एक शिरोबिंदू माऊसने ओढत नेला की शिरोलंबसंपात बिंदूही त्याच्याबरोबर हलू लागतो. त्रिकोण काटकोन झाला की तो बिंदू काटकोनाच्या शिरोबिंदूवर येऊन बसतो, आणि कोन आणखी रुंदावला की त्रिकोणाबाहेर निघून जातो. हे घडताना माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले, ‘मग मध्यगासंपात बिंदू पण बाहेर जातो का?’ मी उत्तर दिले नाही, माऊस तिच्या हाती दिला. तिने मध्यगा काढल्या, शिरोबिंदू पडद्याच्या कडेपर्यंत ओढून पाहिला, आणि तो बिंदू आतच राहतो हे स्वतः वर्गाला सांगितले. का राहतो, यावर पुढचा सबंध तास गेला.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तो प्रश्न व्हिडिओत नव्हता. व्हिडिओने मला लंबरेषेचे साधन कोठे आहे, छेदनबिंदू कसा मिळवावा आणि बिंदूला नाव कसे द्यावे, एवढे शिकवले होते. परंतु ते इतके पक्के झाले होते की वर्गात माझे लक्ष साधनावरून उठून मुलीच्या प्रश्नाकडे जाऊ शकले. हात अडखळत असता तर मी तिला ‘नंतर पाहू’ म्हटले असते. शिक्षकांच्या प्राथमिक तंत्रकौशल्याला मी इतके महत्त्व देते ते यामुळे.

केटर्टल हे दुसरे साधन. ‘लोगो’ या संगणकभाषेच्या परंपरेतले ते आहे. सिमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ तयार केली, आणि तिच्यातले कासव पुढे जगभरच्या शाळांत पोहोचले. केटर्टलमध्ये पडद्यावरच्या कासवाला ‘फॉरवर्ड १००’ म्हटले की ते शंभर घरे पुढे जाते, ‘टर्नलेफ्ट ९०’ म्हटले की डावीकडे काटकोनात वळते, आणि त्याच्यामागे रेषा उमटत जाते. ‘रिपीट ४’ लावून या दोन आज्ञा महिरपी कंसात लिहिल्या की चौरस पूर्ण होतो. मालिकेत आज्ञांची ओळख, त्यांचे व्याकरण आणि ‘जर–तर’ची रचना क्रमाने शिकवली आहे. संगणकाची भाषा म्हटल्यावर दचकणाऱ्या आमच्या गटातील दोन शिक्षिकांनी ही मालिका तीन आठवड्यांत पूर्ण केली.

वर्गात आम्ही हे साधन थेट संगणकावर नेले नाही. शाळेत चालू स्थितीतील संगणक चारच आहेत. त्यामुळे सातवीच्या मुलांनी प्रथम मैदानावर फक्कीने रेषा आखून स्वतः कासव होऊन पाहिले. एकाने आज्ञा द्यायची, दुसऱ्याने तंतोतंत तेवढेच करायचे. चौरस सहज जमला. सुसम षटकोन संगणकावर काढताना मात्र बहुतेक गटांनी आंतरकोन १२० अंशांचा म्हणून कासवाला १२० अंशांत वळवले, आणि पडद्यावर षटकोनाऐवजी त्रिकोण उमटला, तोही दोन वेळा गिरवलेला. वर्गात क्षणभर शांतता पसरली. नंतर एक मुलगा उठून फरशीवर चालू लागला, कोपऱ्याशी थांबला, आणि म्हणाला, ‘आपण आतला कोन वळत नाही, जेवढे वाकडे होतो तेवढेच वळतो.’ बाह्यकोनाची याहून चांगली व्याख्या मी माझ्या नोकरीत ऐकलेली नाही. एक पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश, सहा वळणे म्हणून प्रत्येकी ६०, हे मग कोणाला सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी मुलींनी रांगोळीतील पाच टोकांची चांदणी काढण्याचा ध्यास घेतला. ७२ अंशांनी वळून पंचकोन मिळाला, चांदणी मिळेना. अखेर दोन फेऱ्या माराव्या लागतात हे लक्षात येऊन ७२० भागिले ५, म्हणजे १४४ अंश, हे उत्तर त्यांनी शोधले. केटर्टलमध्ये कासवाची गती कमी करून एकेक आज्ञा चालताना पाहता येते, त्यामुळे आपली चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे हे मुले स्वतः शोधू शकतात आणि शिक्षकाकडे धाव घेत नाहीत.

लिबरऑफिस इम्प्रेसवरील मालिकेविषयी फार लिहिण्याजोगे नाही. ती व्यवस्थित आहे आणि सादरीकरण करता येऊ लागते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या विज्ञान-प्रतिकृतींवरील मालिकाही उपयुक्त वाटली. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात विद्युत परिपथ जोडण्याची जी प्रतिकृती आहे, ती प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला आधार देते. तरी बॅटरी, तार आणि बल्ब प्रत्यक्ष मिळत असतील तर प्रथम तेच मुलांच्या हाती द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उणिवांकडे वळते. सर्वांत मोठी उणीव म्हणजे ही सेवा साधन शिकवते, पाठ शिकवत नाही. ते साधन कोणत्या इयत्तेच्या कोणत्या घटकाशी, कोणत्या प्रश्नाने जोडावे, हे ठरवण्याचे काम संपूर्णपणे शिक्षकावर सोडलेले आहे. मी एकटी असते तर बहुधा चौथ्या आठवड्यात थांबले असते. आमचा गट दर शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास एकत्र बसत असे आणि ‘या आठवड्यात शिकलेले कोणत्या धड्यात वापरता येईल’ एवढ्याच प्रश्नावर बोलत असे, म्हणून ते शिक्षण वर्गापर्यंत पोहोचले. या सेवेकडे वळणाऱ्या शिक्षकांनी आधी दोन-तीन सोबती गाठावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. काही मालिका सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांवर तयार झालेल्या आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी पडद्यावर उबुंटू लिनक्स ही विंडोजहून वेगळी संगणकप्रणाली दिसते. शाळेतील संगणकावर विंडोज असेल तर सॉफ्टवेअर बसवण्याचा भाग वेगळा पडतो आणि काही बटणे व्हिडिओत दाखवलेल्या जागी सापडत नाहीत. ज्याला थोडी सवय झाली आहे त्याला याचे काही वाटत नाही. नवशिक्याला मात्र बटण न दिसणे म्हणजे आपलेच काहीतरी चुकल्यासारखे वाटते. आमच्यातल्या एका शिक्षिकेने दाखवलेल्या जागा आणि प्रत्यक्ष जागा यांची दोन रकान्यांची वही केली. ती वही आता केंद्रात हातोहात फिरते.

भाषेविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. निवेदन मराठीत असले तरी पडद्यावरील मेनू इंग्रजीतच असतात, आणि सर्वच मालिकांचे सर्वच भाग मराठीत मिळतील असे नाही. जेथे मराठी आहे तेथे ते शुद्ध आणि स्पष्ट आहे, मात्र अनुवादाचा ताठरपणा त्यात मधूनमधून जाणवतो. वर्गात आपण ‘इथे टिचकी मारा, आता काय झालं बघा’ असे बोलतो तशी ओघवती भाषा असती तर शिक्षकाला ती अधिक जवळची वाटली असती. असे असूनही, कानांवर मराठी आणि डोळ्यांसमोर इंग्रजी मेनू यांच्या या जोडीचा एक अनपेक्षित लाभ झाला. ‘इन्सर्ट’, ‘फॉरमॅट’, ‘एक्स्पोर्ट’ हे शब्द अर्थासह आणि कृतीसह कानावर पडत राहिल्याने आमच्यातील ज्यांना इंग्रजी मेनूची भीती वाटत असे, त्यांची ती भीती उरली नाही.

तिसरी गोष्ट मोबाइलची. ग्रामीण भागातील अनेक शिक्षकांजवळ स्वतःचा संगणक नसतो, मोबाइलच असतो. व्हिडिओ मोबाइलवर पाहता येतो, पण केटर्टल किंवा लिबरऑफिसचा सराव करायला संगणकच हवा. आम्ही व्हिडिओ मोबाइलवर आणि सराव शाळेच्या संगणकावर, अशी विभागणी केली. ज्या शाळेत एकही चालू संगणक नाही तेथे या सेवेचा उपयोग मर्यादित राहील, हे मान्य केले पाहिजे.

शंका विचारण्याची सोय मात्र मनापासून दाद द्यावी अशी आहे. प्रश्न विचारताना तो कोणत्या व्हिडिओच्या कितव्या मिनिटाशी आणि सेकंदाशी संबंधित आहे, हे नोंदवता येते. त्यामुळे प्रश्न मांडण्यासाठी तांत्रिक शब्द ठाऊक असण्याची गरज राहत नाही. ‘या क्षणी जे घडले ते माझ्याकडे घडत नाही’ एवढे सांगितले तरी पुरते.

‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठाशी तुलना अपरिहार्यपणे होते, पण दोन्हींची कामे भिन्न आहेत. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की ‘दीक्षा’वर त्या पाठाचे तयार साहित्य उघडते, आणि घाईच्या दिवशी ते फार उपयोगी पडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा क्यूआर कोडचे नाव घरोघरी पोहोचले. त्या कामात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की डिसले गुरुजींनी आपल्या मुलांसाठी साहित्य स्वतः तयार केले आणि मग त्याला कोड जोडले. कोड टिपणे पाच मिनिटांत येते. त्यामागचे साहित्य घडवता येणे हे खरे कौशल्य, आणि स्पोकन ट्युटोरियल त्या दिशेने नेते.

या वर्षी आम्ही ध्वनी संपादनासाठी ‘ऑडॅसिटी’ शिकलो. सहावीच्या मुलांनी आपापल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणल्या, आणि त्यांतील खोकला, भांड्यांचा आवाज, मध्येच झालेली हाक असे सारे कापून प्रत्येकाने दोन मिनिटांचा भाग तयार केला. एका ओवीमागे कोंबड्याची बांग होती. ती काढून टाकावी असे मी सुचवले, पण मुलांनी नकार दिला. आजी पहाटेच दळत असे, तेव्हा बांग ओवीचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. ती बांग आम्ही ठेवली.

या सेवेतील व्हिडिओ विनामूल्य पाहता येतात. इंटरनेट अशक्त असलेल्या शाळांसाठी संकेतस्थळावर विषय आणि भाषा निवडून संपूर्ण मालिका एकत्रित स्वरूपात उतरवून घेण्याची सोय आहे. आम्ही ती तालुक्याच्या ठिकाणी पेन ड्राइव्हवर घेतली आणि सहाही शाळांत पोहोचवली. प्रारंभ करणाऱ्यांनी एका वेळी एकच मालिका घ्यावी, चांगले हेडफोन वापरावेत, आणि माझ्या मते गणिताच्या शिक्षकांनी जिओजेब्रापासून, भाषेच्या शिक्षकांनी लिबरऑफिसमधील रायटर या लेखनाच्या साधनापासून सुरुवात करावी. आमची दोन रकान्यांची वही ज्या केंद्राला हवी असेल त्यांना तिची प्रत देण्याची आमची तयारी आहे.